कडुबाआप्पा घर बघतात

कडुबाआप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला चापट मारतात. रामराम, पाणी, ख्यालीखुशाली हे सगळं नंतर. उजव्या हाताचा पंजा पसरून भिंतीच्या मधोमध एक चापट, मग ऐकू आल्यासारखी मान तिरपी, आणि मग घरमालकाकडं बघून पहिलं वाक्य, "हं. खोड सांगा, खोड."

घरमालकाला घर विकायचं नसतं. त्यानं बिचाऱ्यानं सत्यनारायणाला बोलावलेलं असतं. पण आप्पांना त्याचं काही नाही. एकदा आमच्या शाळेतल्या एका सरांचे वडील वारले, तेव्हा मी भेटायला निघालो, तर आप्पाही बरोबर आले. सगळी मंडळी खाली माना घालून बसलेली. त्या शांततेत चापट वाजली. मी डोळे मिटून घेतले. आप्पा हळूच म्हणाले, "पोकळ हाये." कोपऱ्यातले एक वृद्ध गृहस्थ सुस्कारा टाकून म्हणाले, "खरंय बाबा, सगळंच पोकळ." पुढं ते आप्पांना फार मान द्यायला लागले. अशी माणसं आपोआप तरून जातात.

आप्पा मूळचे भोकरदनकडचे. उभा जन्म बैलबाजारात दलाली करण्यात गेला. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा, रात्री जिथं लिंबाचं झाड असेल तिथं पथारी. दोन माणसांच्या हातावर पंचा टाकायचा आणि पंच्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, हे त्यांचं काम. ज्याची बोटं त्यालाच कळणार, बघणाऱ्याला फक्त पंचा हललेला दिसणार. पुढं गुडघे गेले. एका बैलानं त्यांना निरोपाची लाथही घातली. मग ते इलाजासाठी जालन्याला आले आणि जुन्या जालन्यात आमच्या घराच्या वरची खोली त्यांनी दोन महिन्यांसाठी भाड्यानं घेतली. ते दोन महिने अजून संपायचे आहेत.

खोली बघायला आले तो दिवस मला चांगला आठवतो. त्यांनी भिंतीला चापट मारली, जिना खालीवर केला, खिडकी उघडून लावून पाहिली आणि माझ्या बायकोसमोर सुरू झाले. "जिना म्हंजी मरणाची शिडी हाये. खिडकीतून वारा न्हाई, निस्ता भुसार दुकानाचा धुराळा. पत्रा उन्हाळ्यात भाजून काढीन. असल्या खोलीत कोंबडी सुद्धा अंडं देणार न्हाई."

आमची ही काही गप्प बसणाऱ्यातली नाही. ती म्हणाली, "तुम्हाला अंडी घालायचीत का? नसेल तर खाली उतरा. गिऱ्हाइकं रांगेत उभी आहेत."

आप्पांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "बराबर बोलली सूनबाई," ते म्हणाले आणि संध्याकाळी पथारी घेऊन हजर झाले.

तेव्हा मला यातलं काही कळलं नव्हतं. नंतर हळूहळू कळलं. बैलबाजाराचा रिवाज असा की जे जनावर मनात भरलं, त्याला शिव्या द्यायच्या. जितकं जास्त भरलं तितक्या जास्त. शिंगं वाकडी, चाल लंगडी, छाती बसलेली, डोळ्यात पाणी. विकणाऱ्यानंही तसंच उलटून बोलायचं, की बाबा, तुझ्या खिशाला झेपत नाही म्हणून शिंगं वाकडी दिसतात, जा, शेळी घे. असं दोन्हीकडून यथास्थित झालं की मग पंचा पडतो. आणि जे जनावर नको असेल, त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचं, "चांगलं हाये," आणि पुढं चालायला लागायचं.

हा रिवाज आप्पांनी बाजारात सोडून दिला नाही, घरी आणला. बायकोनं पाठवलेल्या भाजीला ते रोज नावं ठेवतात. "मीठ म्हंजी एक तर इकडं एक तर तिकडं," असा निरोप रिकाम्या वाटीबरोबर खाली येतो. वाटी चाटूनपुसून लख्ख असते. मी एकदा त्यांना म्हणालो, "आप्पा, आवडलं तर आवडलं म्हणावं माणसानं." ते म्हणाले, "नजर लागती, मास्तर. माझं नाव कडुबा कामून ठेवलं? माझ्या आधीची भावंडं जगली न्हाईत. गोड नाव ठेवलं असतं तर मी बी गेलो असतो. मायनं कडू म्हणलं म्हणून राहिलो." आमच्याकडं दगडू, धोंडू, कडुबा अशी नावं घेऊन कितीतरी माणसं म्हातारी झालेली आहेत.

तर अशा या आप्पांना एक घर विकत घ्यायचं होतं.

जालन्यात नाही. जालन्यात घर म्हणजे दावणीला बांधलेलं जनावर, असं त्यांचं मत. खेड्यात पाहिजे. पैसा बाजूला ठेवलेला होता, उधारउसनवारीचा प्रश्न नव्हता. कशाला पाहिजे म्हणून विचारलं की म्हणायचे, "आयुष्यभर लोकांच्या लिंबाखाली झोपलो. मरायला तरी आपलं छत पाहिजे." मरणाची तयारी त्यांच्यात काडीची दिसत नव्हती, पण घराची निकड मात्र खरी होती. आणि माझ्याकडं मोटारसायकल होती. रविवारी मला सुट्टी असते हेही त्यांना ठाऊक होतं. यातून माझ्या रविवारांचं जे व्हायचं ते झालं.

घनसावंगीकडं एका ऊसवाल्याचं दुमजली घर पाहिलं. खाली फरशी अशी की चेहरा दिसावा. आप्पांनी चापट मारली, मान तिरपी केली आणि म्हणाले, "चांगलं हाये. झकास." घरमालकानं खूश होऊन चहात डबल साखर टाकली. मीही खूश झालो, की सुटलो. बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "चला, जल्दी." मी विचारलं, का? "घरात शिरल्या शिरल्या टीव्ही दिसतो. माणूस कुठं बसलाय ते हुडकावं लागतं."

बदनापूरच्या बाजूला एक पत्र्याचं घर होतं. तिथं तर आप्पा आतही आले नाहीत. दारातूनच "चांगलं हाये" म्हणाले आणि माघारी वळले. कारण काय, तर शेजाऱ्याचं कुत्रं भुंकलं नाही. "जे कुत्रं नव्या माणसाला भुंकत न्हाई, त्या गल्लीत रोज नवी माणसं येत असत्यात. काय धंदा चालतो कुणाला ठाव." तिसऱ्या ठिकाणी मालकानं अभिमानानं सांगितलं की घर पूर्ण शास्त्राप्रमाणे बांधलेलं आहे, अमुक दिशेला देव, तमुक दिशेला चूल. आप्पा न्हाणीत जाऊन उभे राहिले, बाहेर आले आणि टोपी सारखी करत म्हणाले, "शास्त्र चांगलं हाये. निस्तं डोकं पत्र्याला लागतं."

असे किती रविवार गेले मी मोजले नाहीत. "चांगलं हाये" हे दोन शब्द ऐकले की मी मोटारसायकलला किक मारायला लागायचो.

आप्पांना एक मुलगी आहे, शांता. घनसावंगीला दिलेली. आप्पांची बायको लवकर गेली. शांता मावशीकडं वाढली, तिचं लग्न मावशीच्या दारात झालं, बाळंतपणंही तिथंच. आता मावशीही नाही. वर्षातून तीनचार वेळा शांता आप्पांना भेटायला येते. वर जाते, पलंगाच्या कडेला बसते, चहा पिते. आप्पा तिला नावं ठेवतात. "वाळून लाकूड झालीस. ही काय साडी हाये का फडकं? केसाला तेल लावती का न्हाई?" शांता हसत ऐकून घेते आणि पाचच्या एसटीनं परत जाते. आमच्या हिनं कितीदा म्हटलं, खाली झोप आमच्याकडं, एक दिवस राहा. ती म्हणते, "न्हाई वैनी, घरी जनावरं हायेत." जनावरं असतात हे खरं. पण परक्याच्या घरात बापाला भेटायला राहायचं, हे तिला नको वाटतं, हेही खरं. आणि आप्पांना तिच्याकडं राहायचं म्हटलं तर ते होणे नाही. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा उभ्यानं प्यावं, अशा मताचा तो माणूस.

असो. मी घरांचं सांगत होतो.

केदारखेड्यात रज्जाक मिस्तरी म्हणून एक गवंडी आहेत. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. आता हातपाय थकले, मुलगा संभाजीनगरला कंपनीत आहे, तो या म्हणतो, म्हणून स्वतःचं घर विकायचं होतं. कुणीतरी आप्पांना सांगितलं आणि आप्पांनी मला. कापूस वेचणीचे दिवस होते. रस्त्यानं बायकांचे घोळके पाठीला झोळ्या बांधून चाललेले. आप्पा मागच्या सीटवरून प्रत्येक शेताला नावं ठेवत होते, त्यावरून मी ओळखलं की स्वारी खुशीत आहे.

घर साधं होतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागं न्हाणी आणि शेवग्याचं झाड, पुढं रुंद ओटा. मिस्तरी उंच, वाळके, पांढरी दाढी. त्यांच्या बायकोला सगळे बी म्हणतात. तिनं ओट्यावर सतरंजी टाकली. आप्पांनी भिंतीला चापट मारली. मान तिरपी केली. मग दुसरी मारली. मग पलीकडच्या भिंतीला तिसरी. इतक्या चापटा मी कधी पाहिल्या नव्हत्या. आणि मग आप्पा सुरू झाले.

"भिंतीला पोट सुटलंय. गाभण म्हशीसारखी दिसून राह्यली. उंबरा उचललाय, रोज एक जण पडणार. दार कण्हतंय. न्हाणीचं पाणी पुढं जायचं सोडून मागं वळून बघतं. पायऱ्या बघा, एक म्हातारी, एक तान्ही. कोण गवंडी व्हता म्हणायचा? हातात थापी व्हती का उलथनं?"

माझा आनंद पोटात मावेना. इतकं वाईट ते कोणत्याच घराबद्दल बोलले नव्हते. घर पसंत पडलं होतं, माझे रविवार मला परत मिळणार होते. आता मिस्तरींनी चार शिव्या घातल्या की काम झालं. आप्पाही बोलायचे थांबून वाट बघत होते. त्यांनी मिस्तरींकडं बघून भुवया उडवल्या, जसं कुस्तीत एकानं मांडी ठोकली की दुसऱ्यानं ठोकावी.

मिस्तरी काही बोलले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत बसले. बी दारात उभी होती, ती आत गेली. आप्पांना वाटलं, पक्का गडी आहे, मनात भाव जुळवतोय. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून हातावर पसरला आणि हात पुढं केला.

मिस्तरींनी त्या पंच्याकडं पाहिलं. हे काय आहे, ते त्यांना कळलंच नाही. हलक्या आवाजात म्हणाले, "आप्पा, ये घर मैंने मेरे हात से बांधा. दुसरे का काम करके आता था शाम को, फिर इसका करता था. मेरे को बेचना न्हाई. चाय पीके जाओ."

रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. चहा आला, आम्ही प्यालो. असला चहा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

परत येताना राजूरच्या फाट्याला आप्पांनी गाडी थांबवायला लावली. टपरीवर बसले, पण काही मागवलं नाही. मग म्हणाले, "बाजाराचा माणूस न्हाई तो, मास्तर. मी चुकलो."

"चालायचंच आप्पा. दुसरं बघू."

"बैलाला शिव्या दिल्या तर मालक हसतो. का? बैल त्यानं निस्ता पाळलेला असतो. घर त्यानं जन्माला घातलं व्हतं. मी त्याच्या तोंडावर त्याच्या लेकराला नावं ठेवून आलो."

पुढचे रविवार मी त्यांना मुद्दाम इकडंतिकडं नेलं. काही उपयोग झाला नाही. ते मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच "चांगलं हाये" म्हणायला लागले. भिंतीला हात लावणं बंद झालं. आणि एके दिवशी बायको रिकामी वाटी हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"आप्पांना बरं नाही वाटतं."

"का? काय झालं?"

"भाजी चांगली झाली म्हणाले."

आम्ही दोघं वर गेलो. आप्पा पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडले होते. ताप नव्हता. बायकोनं सरळ विचारलं, "ते केदारखेड्याचं घर एवढं आवडलं होतं ना? मग जाऊन सांगा की त्यांना. चार शब्द चांगले बोलायला काय होतं?"

"मला येत न्हाई, सूनबाई."

"न यायला काय झालं? जीभ आहे ना?"

"चांगलं म्हणलं म्हंजी नको म्हणलं, असंच आजवर बोललो. आता हवं असल्यावर काय म्हणतेत, मला ठाव न्हाई." हे बोलताना त्यांचा आवाज इतका केविलवाणा झाला की तिनं त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं. खाली आल्यावर मला म्हणाली, "तुम्ही घेऊन जा त्यांना. ते घर गेलं तर हा माणूस परत घर बघणार नाही." तिचं बरोबर होतं. मलाही तसंच वाटत होतं.

दिवाळी तोंडावर आली होती. आम्ही केदारखेड्याला पोहोचलो तेव्हा मिस्तरी ओट्यावर उकिडवे बसून पायरीला सिमेंट लावत होते. आम्हाला पाहून उठले नाहीत, त्यांचा हातही थांबला नाही. बीनं मात्र सतरंजी टाकली आणि बोलायला सुरुवात केली. तिच्या मनात बरंच साठलेलं होतं.

"अच्छा हुआ आप आए. देखो क्या हाल करके गए. उस दिन से ये आदमी ओळंबा लेके भिंत के सामने बैठा है. पेट किधर है, पेट किधर है, एकच चालू. नींद न्हाई, खाना न्हाई. दरवाजा निकाल के फिर से बिठाया. मोरी का उतार तोड़के फिर से किया. अब पायरी के पीछे पड़ा. जिस घर को छोड़के जाना उसको दुरुस्त कायको करते, मैं बोली. तो मेरे पे ही चिल्लाया."

मिस्तरींनी थापी खाली ठेवली. खुंटीचा ओळंबा काढला, दोरी भिंतीच्या माथ्याशी धरली आणि लंबक खाली सोडला. तो हलायचा थांबेपर्यंत त्यांनी दोरी धरून ठेवली. "देखो आप्पा," ते म्हणाले, "बाल जितना फरक न्हाई. पेट किधर है, मेरे को दिखाओ."

आप्पांनी टोपी काढली आणि हातात धरली.

"पोट न्हाई. भिंत सरळ हाये. पहिल्या दिवशीच दिसली मला. तसली भिंत मी जिंदगीत बघितली न्हाई, म्हणूनच पोट सुटलं म्हणलं."

मिस्तरी माझ्याकडं बघायला लागले, की हा माणूस ठीक आहे ना. मग मी मध्ये पडलो. बैलबाजाराचा सगळा रिवाज मी त्यांना समजावून सांगितला. नको ते चांगलं, हवं ते वाईट, शिव्या, उलट शिव्या, पंचा, बोटं. आयुष्यात कोणत्या वर्गाला मी इतका जीव तोडून शिकवलं नव्हतं. मिस्तरी डोळे बारीक करून ऐकत होते.

"मतलब जितनी गाली ज्यादा, उतना माल पसंद?"

"बिलकुल," मी म्हणालो.

बी ओढणी तोंडाला लावून हसायला लागली. "ऐसा है तो ये मेरे को सारी उमर पसंदच करते आए. मेरे को आज मालूम पड़ा."

मिस्तरींनाही हसू आलं, पण त्यांनी ते दाढीत दाबलं. माणूस मानी होता. "हौ, समझा," ते म्हणाले. "लेकिन आप्पा, वो बाजार की बात हुई. ये घर है. मैं उधर बेटे के पास बैठूंगा, तो मेरे को मालूम रहना कि इधर जो रहता उसको इसमें क्या अच्छा दिखा. ऐब आपने गिना दिए, मैंने दुरुस्त किए. अब एक अच्छी बात बोलो. एकच. फिर घर आपका. भाव का बाद में देखते."

आप्पांनी भिंतीकडं पाहिलं. "चांगलं हाये," असं ते सुरू झाले आणि तिथंच अडखळले. हे दोन शब्द कोणत्या कामाचे आहेत हे आता तिथं सगळ्यांनाच माहीत होतं. त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. भर बाजारात शंभर माणसांसमोर घसा फोडणारा माणूस, त्याला एक वाक्य सापडेना. मला त्यांची फार दया आली. मीच काहीतरी बोलून टाकणार होतो, शेवग्याच्या झाडाबद्दल वगैरे, पण बीनं मला हातानं थांबवलं.

आप्पा ओट्याच्या कडेला जाऊन बसले. आमच्याकडं पाठ, तोंड रस्त्याकडं.

"इथं बसलं की एसटीचा थांबा दिसतो," ते म्हणाले.

त्यांनी हातानं थांबा दाखवला.

"पोरगी उतरली की इथूनच दिसंल. तिच्या हातातली थैली घ्यायला जाता येईन मला. तेवढा चालतो मी. ती जल्मली तवा मी बाजारात व्हतो. तिची माय गेली तवा बी बाजारात. मावशीनं वाढवली. आता मला भेटायला येती, च्या पिती, पाचच्या गाडीनं जाती. सांज झाली की राहा म्हणायला माझ्या तोंडातून शब्द निघत न्हाई. कुठं राहा म्हणू? एक पलंग." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "ह्या घरात दोन खोल्या हायेत, मिस्तरी. एक तिची. ती लय गुणाची हाये. मी तिला कधी तसं म्हणलं न्हाई. नजर लागंल म्हणून भीत आलो. तिला मात्र माहेर म्हणून एक दार पाहिजे, अन् त्या दारात बाप बसलेला पाहिजे. मला निस्तं तेवढंच दिसलं पहिल्या दिवशी. भिंती तर मंग बघितल्या."

एवढे दिवस मी समजत होतो की या म्हाताऱ्याला मरायला छत पाहिजे. मला फार भरून आलं, आणि ते लपवावं असं काही मला वाटलं नाही.

मिस्तरी आत गेले. बराच वेळ आतून ठोकण्याचे, मोजण्याचे आवाज आले. बाहेर आले ते हातात पट्टी घेऊन. "मागच्या खोलीत हवा अच्छी है," त्यांनी निम्मं मराठीत निम्मं त्यांच्या बोलीत सांगितलं. "वो बेटी की. उसमें फडताळ न्हाई है. औरत का सामान रहता, साड्यां, डब्बे. मैं जाने से पहले बनाके देता. उसका कुछ न्हाई लेता." मग त्यांनी घराचा भाव सांगितला. आप्पांनी मान डोलावली. घासाघीस नाही, उलट बोलणं नाही, फक्त मान. हे मी बाजारात जाऊन कुणाला सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

बीनं पुन्हा चहा केला. तो चांगला झाला होता, असं मी तिला सांगितलं, आणि आप्पा साखर कमी आहे म्हणाले, तेव्हा ती आप्पांवरच जास्त खूश झाली.

मग आप्पांनी मला शांताला फोन लावायला सांगितलं. त्यांना फोन लावता येतो, पण त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. मी लावून दिला. त्यांचा फोन असा आहे की पलीकडचं बोलणं सगळ्या ओट्याला ऐकू येतं.

"शांते. आवाज कामून बसला तुझा? थंड पाणी पिली असशीन. पोरं कशी हायेत? बरं. दिवाळीला येशीन तवा पिशवीत कपडे जास्तीचे टाक. पोरांचे बी. चार रोज राहायचं."

"राहायचं कुठं, आप्पा? मास्तरच्या घरी?"

"मास्तरच्या घरी कामून? आपल्या घरी."

पलीकडून काहीच आवाज येईना. आप्पांना वाटलं फोन कट झाला, ते कानापासून काढून त्याच्याकडं बघायला लागले. मग शांताचा आवाज आला, बारीक, लहान पोरीसारखा. "मी दिवाळीच्या आधीच आले तर चालंन का?"

"चालंन म्हंजी? उद्या ये."

मी त्यांच्या कानाशी लागून म्हणालो, "आप्पा, घर अजून यांचं आहे. खरेदी व्हायची आहे, यांचं सामान आहे." आप्पा भानावर आले आणि ओशाळून मिस्तरींकडं बघायला लागले. मिस्तरींनी बीकडं पाहिलं. बीनं सरळ आप्पांच्या हातातून फोन काढून घेतला.

"आ जाओ बेटी," ती फोनमध्ये म्हणाली. "मैं हूँ इधर. खाना क्या खाते बच्चे?"

मग पोरांना काय आवडतं, तिखट किती चालतं आणि घनसावंगीहून केदारखेड्याला कोणती गाडी धरायची, हे त्या दोघींनी परस्पर ठरवलं. आम्हाला कुणी काही विचारलं नाही. मिस्तरी भिंतीवर फडताळाची जागा आखायला आत गेले. शांता यायची ती दुसऱ्या दिवशी. आप्पा मात्र त्या वेळेपासूनच रस्त्याकडं बघत बसले, आणि मला जालन्याला एकट्यालाच परत यावं लागलं.